बदलीवर गाडी चालवायची तर मोकळीक बिल्टी हातात येईपर्यंतच

महिन्याच्या पगारावर न राहता खेपेवर ट्रक चालवणारे बदलीवाले ड्रायव्हर नागपूरला वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात, कापसीला, बुटीबोरीच्या कंपन्यांच्या गेटबाहेर कायम दिसतात. नागपुरात हे जमतं, कारण एनएच ४४ आणि एनएच ५३ इथेच एकमेकांना छेदतात. रायपूर आणि जबलपूर तीनशे किलोमीटरच्या आत, हैदराबाद पाचशेच्या आसपास, आणि समृद्धी महामार्गाने मुंबईकडे ७०१ किलोमीटर. पाहिजे ती दिशा निवडा, नको तेव्हा घरी थांबा. पण ही निवड गाडीत बसण्याआधीची. बिल्टी (मालाची वाहतूक पावती) घेतली की वेळ तुमची राहत नाही. ती लोडिंगच्या गेटची, वजनकाट्यावरच्या रांगेची आणि माल उतरवणाऱ्या पार्टीची होते. त्यामुळे बदलीवाल्याची खरी कमाई किलोमीटरवर कमी आणि उभ्या तासांवर जास्त ठरते.

आकडा मांडून बघा. समजा रायपूरच्या खेपेचे जाऊन-येऊन ३,००० ठरले आणि खोराकी (जेवणखाण्याचा खर्च) त्यातच. चाकं फिरतात ते १४-१५ तास. दोन दिवसांत गाडी परत आली तर दिवसाला १,५०० पडले, झकास. पण लोडिंगला रात्र गेली, उतरवायला रविवार आडवा आला, परतीच्या भाड्यासाठी आणखी एक दिवस गेला, की झाले चार दिवस. आता पडले ७५०. त्यातून जेवण-चहाचे रोज ३०० वजा केले तर हाती ४५०. खेप तीच, रस्ता तोच.

म्हणून भाव करताना ३,०००चे ३,२०० करून घेण्यात दम घालवण्यापेक्षा होल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, ठरवून घ्या. गाडीचा मालक माल पाठवणाऱ्या पार्टीकडून होल्टिंग वसूल करतो. ड्रायव्हरने मागितलं नाही तर त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. आणि तोंडी ठरवू नका. निघण्याआधी मालकाला व्हॉट्सॲपवर असा एक मेसेज टाका:

«गाडी नंबर अमुक, बुटीबोरी ते रायपूर आणि परत. ड्रायव्हरचे ३,०००, खोराकी रोज ३०० वेगळी. कोणत्याही गेटवर १२ तासांपेक्षा जास्त थांबलो तर पुढच्या दर २४ तासांचे ६००. टोल, वराई, काटा, पंक्चर मालकाकडे. परतीचं भाडं २४ तासांत नाही मिळालं तर गाडी रिकामी आणणार. ॲडव्हान्स १,५००, बाकी पीओडीचा फोटो पाठवल्या दिवशी.»

(वराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, काटा म्हणजे वजनाचे पैसे, पीओडी म्हणजे माल पोचल्याची सही केलेली पावती.) समोरून नुसतं «ओके» आलं तरी चालतं. गेटवर पोचल्याची वेळ मात्र एन्ट्रीच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर बारा तास कुठून मोजायचे यावरच भांडण होतं. हा मेसेज पुढे आणखी एका कामाला येतो, ते शेवटी सांगतो.

पैसे कापले जाण्याची दुसरी जागा म्हणजे डिझेलचा ॲव्हरेज. मालक सरसकट चारचा ॲव्हरेज धरतो, म्हणजे लिटरला चार किलोमीटर. रायपूरला जाऊन-येऊन ५८० किलोमीटरला १४५ लिटर. प्रत्यक्षात ३.७ पडला तर लागतात १५७ लिटर, म्हणजे १२ लिटरचा फरक. लिटरला ९० धरले तर हजारावर रुपये तुमच्या नावावर. यात तुमचा पाय किती आणि हवा कमी असलेले टायर, एसीसाठी रात्रभर चालू ठेवलेलं इंजिन किंवा जास्तीचा लोड किती, हे कोणी बघत नाही. भरल्या आणि रिकाम्या गाडीचा ॲव्हरेज वेगळा ठरवा, आणि हिशोब टाकी फुल टू टाकी फुल. डिझेलच्या काट्यावर विसंबून हिशोब करणाऱ्या मालकाची गाडी घेऊच नये, असं माझं मत आहे.

बदलीवाल्याला दर वेळी अनोळखी गाडी मिळते, आणि तिथेच घाई नडते. चावी घेतल्यावर अर्धा तास काढा. आधी चारही बाजूंचा व्हिडिओ, किलोमीटर आणि डिझेलचा काटा दिसेल असा. मग इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून मिनिटभर धरून ठेवा आणि हवेचा काटा बघा. पहिल्या दाबाला थोडा खाली येऊन स्थिरावला तर ठीक. हळूहळू खाली सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. क्लीनरला चाकांजवळ कान लावायला सांगा, बहुतेक वेळा ब्रेकच्या चेंबरवर किंवा पाइपाच्या जोडावर सूं आवाज येतो. हवेच्या टाकीखालची रिंग ओढून पाणी काढा. खूप पाणी आलं तर हवा सुकवणारा ड्रायर गेलाय, काळं तेल आलं तर कंप्रेसर. अशी गाडी घाटात नेऊ नका, मग ते बैतूलकडचे चढ-उतार का असेनात. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा डोळ्यांनी कळत नाही. टामीने (लोखंडी दांड्याने) ठोकून बघा, ठणठण आवाज आला पाहिजे, बद्द नाही. नटांभोवती गंजाची ओघळरेष दिसली तर नट सैल आहे. बीएस-६ गाडी असेल तर युरियाची (धूर साफ करणाऱ्या द्रवाची) पातळीही बघा. तो संपत आला की इंजिन आपणहून ताकद कमी करतं आणि भरली गाडी चढावर रांगू लागते.

आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर स्वतः तपासा. «सगळं क्लिअर आहे भाऊ» हा कागद नव्हे.

ई-वे बिलात (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) दोन गोष्टी बघा. भाग ‘ब’मधला गाडीनंबर तुमच्याच गाडीचा आहे का, माल दुसऱ्या गाडीतून तुमच्याकडे पलटी झाला असेल तर तो बदललेला असायला हवा. आणि मुदत. साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडली किंवा अडकली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. ड्रायव्हरने वेळेत फोन केला नाही तर ही वेळ निघून जाते.

ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. तीन टन जास्त म्हणजे २६,०००, शिवाय जास्तीचा माल उतरवायचा. दंड मालक भरेलही, पण लायसन्स निलंबित झालं तर ते तुमचं. वजनकाट्याची चिठ्ठी बघितल्याशिवाय गेट सोडू नका.

कामाचा हंगाम असतो. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर काटोल, वरुड, नरखेडकडून निघतात. ती टाइमची गाडी, उशीर झाला की माल बसतो, म्हणून पैसे बरे आणि रांग कमी. दिवाळी आणि छठला पगारी ड्रायव्हर गावी जातात, तेव्हा बदलीवाल्याने भाव धरून ठेवावा. कोळसा आणि राखेच्या गाड्या वर्षभर मिळतात, पण त्या उभ्या राहण्याच्याच खेपा; होल्टिंग ठरल्याशिवाय हात लावू नये.

झोपेचं मात्र कोणी बघत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. पण बदलीवाल्याचे तास कोणाच्याच वहीत नसतात. प्रत्येक मालकाला फक्त आपली खेप दिसते. हैदराबादहून पहाटे उतरून दुपारी दुसऱ्या मालकाची मुंबईची गाडी उचलली, तर दुसऱ्याला वाटतं ड्रायव्हर ताजा आहे. समृद्धीवर तर ना सिग्नल ना वळणं, ८० च्या वेगात सरळ काँक्रीट. झोप येतेय हे कळायच्या आत डोळा लागतो. दोन खेपांमध्ये एक पूर्ण रात्र घरी, आणि पहाटे दोन ते पाच गाडी बाजूला.

शहरातल्या शहरात ॲपवर लहान गाडी चालवायची असेल तर सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. मोठ्या गाडीला वय २० आणि हाती किमान वर्षभराचं एलएमव्ही लागतं. ट्रान्सपोर्ट लायसन्स दर ५ वर्षांनी, घातक मालाचं दर ३ वर्षांनी नूतनीकरण.

आता विमा. पॉलिसीवरचा १५ लाखांचा ओनर-ड्रायव्हर कव्हर हा गाडीच्या मालकासाठी असतो, तुमच्यासाठी नाही. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी वेगळी लिहिलेली असते, ती ओळ पॉलिसीत शोधा. अपघातानंतर ‘हा आमचा ड्रायव्हरच नाही’ असं कोणी म्हणालं, तर वर दिलेला मेसेज पुरावा म्हणून कामाला येतो. त्याशिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.