मिस्सा म्हणा, बिशपसाहेब!

परवा ऑफिसात जेवताना एक सहकारी सहज म्हणाला, "तुमच्याकडे धर्म आणि राजकारण फारच गुंतलेलं असतं, नाही?" हे कुठे बसून, तर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरॅममध्ये! खिडकीतून टेकडीवरचं कॅथेड्रल दिसतं आणि त्याच्या शेजारी किल्ला. किल्ल्यात राहायचा कोण, तर बिशप. माझ्या तोंडात घास होता म्हणून तो वाचला.

स्कॉटलंडची सरहद्द जवळ आणि लंडन लांब, त्यामुळे इथल्या बिशपला जवळजवळ राजाचेच अधिकार होते. स्वतःचं न्यायालय, स्वतःची टांकसाळ, वेळ पडली तर स्वतःची फौज. हा थाट कायद्याने संपला १८३६ साली, म्हणजे आपली पेशवाई बुडून १८ वर्षं झाल्यावर.

या बिशपांतला अँटनी बेक तर १२९८ साली स्कॉटलंडात फॉल्कर्कला, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्याची एक फळी घेऊन स्कॉटिश सेनानी विल्यम वॉलेसवर चालून गेला. ऐन वेळी म्हणाला, मागची फौज येईपर्यंत थांबू. त्यावर राल्फ बॅसेट नावाच्या सरदाराने त्याला झाडलं, की लढाई आम्हाला शिकवू नका, जाऊन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणा. इंग्रज बखरकारानेच हे लिहून ठेवलंय. पुढे १३४६ साली इथेच, गावाबाहेर नेव्हिल्स क्रॉसला, पर्सी आणि नेव्हिल या सरदारांच्या बरोबरीने यॉर्कचा आर्चबिशप फौज घेऊन उभा होता. स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड त्या दिवशी कैद झाला.

सरहद्दीपलीकडचेही काही कमी नव्हते. ग्लासगोचा बिशप रॉबर्ट विशार्ट याचा धर्मप्रांत पार सरहद्दीला भिडलेला. एडवर्डने त्याला कॅथेड्रलच्या घंटाघरासाठी लाकूड दिलं, आणि या पठ्ठ्याने त्याची दगडफेकी यंत्रं करून इंग्रजांच्याच ताब्यातल्या किल्ल्यावर लावली. निदान इंग्रजांची तक्रार तरी तशी होती. १३०६ साली कूपरच्या किल्ल्यात सापडला तेव्हा अंगावर चिलखत. बिशप म्हणून फास टळला, पण बेड्या घालून इंग्लंडच्या दक्षिणेला नेऊन डांबला. बॅनकबर्नला स्कॉट लोकांनी इंग्रजांना हरवलं, त्यानंतर सुटला तोवर डोळे गेले होते. मला तर हा माणूस भारी आवडला. शत्रूच्या सामानाने शत्रूवरच मारा करण्यातली मजा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आजही इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशप बसतात आणि डरॅमच्या बिशपची जागा त्यात ठरलेली. यांची ती परंपरा आणि आमचा तो गुंता!

असा सगळा दारूगोळा भरून रविवारी कॅथेड्रलमध्ये गेले, तर जमिनीतली ती काळी पट्टी आडवी आली. पट्टी संगमरवराची. इथे मठ होता तेव्हा बायकांनी तिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. कारण काय, तर इथे ज्याची समाधी आहे त्या संत कथबर्टला बायका चालत नसत म्हणे. प्रत्यक्षात तो सातव्या शतकातला साधा माणूस, मठ चालवणाऱ्या बायकांकडे त्याचं जाणंयेणं असायचं. सोवळं वाढवलं ते नंतरच्या भिक्षूंनी. तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा एकदा मठात नवऱ्याच्या खोलीत झोपली, तर या लोकांनी तिला रात्रीच उठवलं. बिचारी निजायच्या कपड्यांत किल्ल्यावर गेली. साक्षात राणी!

'बघा, यांच्यातही' असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात शनिशिंगणापूर आठवलं. तिथल्या चौथऱ्यावर बायकांना चढायला २०१६ उजाडावं लागलं, तेही आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या करून. इथलं काम आठव्या हेन्रीने १५३९ सालीच उरकलं, मठच बंद करून टाकला. बायकांची कणव येऊन नव्हे हो, देशभरच्या मठांच्या संपत्तीवर त्याचा डोळा होता.