काटा किर्र, पण घासतोय कुठं?

माझ्या जुन्या मनगटी घड्याळाचं, वेस्ट एंड कंपनीच्या सोवार प्रीमाचं कोडं सुटलं. म्हणजे निम्मं सुटलं. उरलेलं निम्मं हे लिहीत असतानाच उलटं फिरलं, ते पुढं येईलच.

मागच्या वेळची तक्रार आठवत असेल. पूर्ण सर्व्हिस झाली, मेनस्प्रिंग (चावीची मुख्य स्प्रिंग) नवी घातली, तरी वेस्ट एंड मनाला येईल तेव्हा थांबायची. डायल वर ठेवून टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, अँप्लिट्यूड (बॅलन्सचं चाक किती अंश झुलतं तो आकडा) कधी २६०, तर कधी १८०. जरा झटका दिला की परत चालू. ९०१० आणि डी-५ ही घड्याळाची तेलं जिथल्या तिथं, हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी स्प्रिंग) सपाट, बॅलन्सचे पिव्होट (आसाची टोकं) चकचकीत. मेनस्प्रिंग पुन्हा बदला म्हणणाऱ्यांना नमस्कार, पण ताकदच कमी असती तर आकडा कायम कमी दिसला असता. असा लहरी माणसासारखा वरखाली झाला नसता.

शेवटी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या घड्याळवाल्या चाचांकडं नेलं. त्यांनी डोळ्याला लूपसुद्धा (घड्याळजीचं भिंग) लावली नाही. म्हणाले, “डायल काढून चालवून बघितलास काय?”

घरी येऊन काटे आणि डायल उतरवली. नुसतं मशीन माझ्या वेइशी टाइमग्राफरवर लावलं तर २७५, आणि तिथून ढिम्म हलेना. (वेइशी १००० ला चिनी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा वापरून बघावी.) डायल चढवली की आकडा २०० च्या खाली. बास! लूपखाली धरल्यावर दिसलं की छोट्या सेकंदाचा पिव्होट डायलच्या भोकात मधोमध नाहीच, तीनच्या बाजूला टेकलाय. तिथली कड घासून घासून पिवळीजर्द चकाकतेय.

डायल उलटी केली. मागं दोन पाय हवेत. एक मुळापासून कापलेला, दुसरा वाकवून कसाबसा भोकात कोंबलेला, मध्ये वाळलेल्या गोंदाचा थर. एका पायावर उभी डायल झटक्यासरशी केसभर फिरते, म्हणून कधी घासते, कधी नाही. मशीनवर बॅलन्सखाली ढालीत ‘ए.एस.’ आहे, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनची ए. शिल्ड. ही कंपनी ढीगभर ब्रँडना कच्ची मशीनं पुरवायची. साडेअकरा लिन्य (घड्याळाच्या मशीनचं जुनं माप), म्हणजे साधारण २५.९ मिलिमीटर, एवढ्याच मापात तिची बरीच कॅलिबर, म्हणजे मशीनची मॉडेलं, निघाली. डायलच्या पायांच्या जागा मात्र कॅलिबरगणिक वेगळ्या. म्हणजे ही डायल दुसऱ्याच कॅलिबरची, इथं पाहुणी.

मग डायल खोटी का? अजिबात नाही. मुंबईहून रंगवून येणाऱ्या झगझगीत डायली आपण सगळ्यांनी पाहिल्यात: अक्षरं जाडीभरडी, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी फटकून, कडेला बारीक खाच. इथं ‘सोवार प्रीमा’ची शाई लूपखाली उठावदार दिसते, अक्षरांच्या कडा धारदार आहेत, तळाचं ‘स्विस मेड’ जागच्या जागी आहे. सगळ्यात भारी म्हणजे दहा ते अकराच्या मध्ये काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घड्याळात काट्यावरच्या रेडियमनं डायल भाजलीय. आत्ताचा तासकाटा त्या डागावर धरला तर तंतोतंत बसला. म्हणजे काटेही मूळचेच. (रेडियमची चमक गेली तरी ते संपत नाही, अर्धायुष्य १६०० वर्षं. खरवडू नका, फुंकर मारू नका.)

आता उपाय काय? उद्यमनगरातला लेथवाला मित्र भोक मोठं करून द्यायला एका पायावर तयार. पोराचा हात सोन्याचा, पण असल्या डायलला ड्रिल लावायचं माझ्या जिवावर येतं. नवा पाय डाग देऊन (सोल्डरनं) जोडायचा तर उष्णतेनं पुढचा रंग फुगणार. चिकट डॉट लावून सरकवावी, तर सेकंद मधोमध येतो आणि तासकाट्याचं भोक एका बाजूला जातं. म्हणून ठरवलं होतं की डायल आणि काटे वेगळे विकायचे, मशीनला दुसरी साधी डायल बघायची.

इथपर्यंत लिहिलं आणि मनात आलं, पाहुणी डायलच कशावरून? उठलो, रिकामी केस दिव्याखाली धरली. आतल्या कडेवर केस-स्क्रूच्या डोक्यांचे ओरखडे दोन ठिकाणी आहेत. आत्ताच्या मशीनचे स्क्रू जिथं येतात तिथले ताजे, चकचकीत. दुसरे जुने, काळवंडलेले, आत्ताचे स्क्रू जातच नाहीत तिथं. झाकणाच्या आत वेस्ट एंडचा शिक्का आहे, मशीनच्या ब्रिजवर (चाकांवरच्या पट्टीवर) मात्र नाव नाही. चावी देताना स्टेम (चावीची दांडी) केसच्या नळीला खरखरतो, त्याचाही उलगडा झाला: उंची जुळत नाही. केस, डायल, काटे एका घरचे. उपरं आहे ते मशीन!

विकायचं रद्द. विक्रेत्यानं ‘ऑल ओरिजिनल’ म्हणत ९,००० मागितले होते, ६,५०० ला सौदा ठरला. आजच्या अवस्थेत मी ४,००० च्या वर द्यायला सांगणार नाही. पण नाव असलेलं योग्य मशीन मिळालं तर हिशोबच बदलतो. कापलेल्या पायाचा ठसा अजून शाबूत आहे. दोन्ही पायांचे कोन आणि सेकंदाच्या भोकाचं मध्यापासूनचं अंतर डिजिटल कॅलिपरनं मोजून कॅलिबरच्या तक्त्याशी ताडतोय. कुणाकडं डायल गेलेली, पण ब्रिजवर वेस्ट एंड लिहिलेली, छोट्या सेकंदाची सोवार पडून असेल तर भाव कळवा. बॅलन्स तुटका असला तरी चालेल, माझ्याकडं सुटे आहेत.