आबांची ट्रंक आणि बोर्डिंगचे दिवस

काल माळ्यावरनं आबांची पत्र्याची ट्रंक काढली, झाकणाच्या आत अजून खोली नंबर लिहिलेला दिसतोय, तो बघितला अन् आबा सुरूच झाले. कोल्हापुरात बोर्डिंग म्हटलं की शाहू महाराज! १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क, कारण खेड्यातलं पोरगं शिकायचं तर आधी त्याची राहायची-जेवायची सोय पाहिजे हे महाराजांनी नेमकं ओळखलं होतं. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढं १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं, मला तर हे फार मोठं वाटतं.

आबांच्या वेळी सोयी म्हणजे काय, तर एक लांबडी खोली, आठ-दहा पोरं अन् प्रत्येकाची एक ट्रंक. डबा गावाकडनं एसटीनं यायचा, फडक्यात बांधलेल्या भाकरी अन् खर्डा, पावसात गाडी रखडली की भाकरी चिवट व्हायच्या तरी खायचे. आजी तळाला गुळाचा खडा ठेवायची, तो चौघांत फोडायचे. डबा अजून ट्रंकेत आहे, कडी तुटलीय, मी घासून ठेवलाय.