रिंगा की व्हॉल्व्ह? ओम्नीचं कॉम्प्रेशन तपासलं तेव्हा

आंब्याच्या पेट्या भरल्या की आमची एलपीजीवरची ओम्नी फोंडा घाटात दम टाकायची. उभी असतानाही एक सिलिंडर मेल्यासारखी थरथरायची. गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच निकाल दिला, "काकानू, इंजिन खोलूचा लागतला. रिंगा गेल्या." पण पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की ऑइल जळतं; इथे सायलेन्सरला निळा धूर नव्हता, ऑइलही उतरत नव्हतं. नुसत्या कानावर विसंबून एवढा खर्च करायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, बघू.

इंजिन गरम केलं, पुढची सीट उचलून तिन्ही प्लग काढले. एकच काढला तर बाकीच्यांच्या दाबाने स्टार्टर जड फिरतो. बॅटरी फुल चार्ज हवी तीही त्यासाठीच. खाऱ्या हवेने धरलेले टर्मिनल घासून घेतले. गॅस, पेट्रोल बंद केलं, कॉइलचं कनेक्शन काढलं. अॅक्सिलरेटर मी तळापर्यंत दाबून धरला, नाहीतर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज बसवायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा.

एक नंबर १६०, दोन १६५, तीन ९५ पीएसआय (दाबाचं एकक). पेट्रोल इंजिनला साधारण १२० ते १८० मिळतात, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या पाऊणपटीखाली गेला की दुखणं आहेच. इथे पाऊणपट म्हणजे १२४.

आता तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगला वर गेला असता. गेला कुठे? १०० वर. म्हणजे हवा आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, नाहीतर इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधलं हेड गॅस्केट.

टॅपेट कव्हर उघडलं. तीन नंबरच्या एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या वरच्या गॅपमध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सर्वांत पातळ पानही शिरेना. गॅसवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हची सीट (तो टेकतो ती कडी) जास्त झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो आणि तो पुरता बसतच नाही. गॅप सेट करून पुन्हा गेज लावला. ११५. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा घेतली. तीनचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये. प्लगच्या भोकातून हवा सोडल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट ठीक; ऑइलच्या झाकणाशी जेमतेम फुंकर, म्हणजे रिंगा ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवा सरळ तळव्यावर, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच गळत होता. गॅरेजवाल्यानेही हात लावून बघितला आणि मान डोलावली.

फक्त हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळली होती. नवा व्हॉल्व्ह, सीट कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं), नवीन गॅस्केट. ब्लॉकला हात लागला नाही. तीन नंबर आता १५५ दाखवतो, आणि टॅपेटचा गॅप मी दर वर्षी आंब्याच्या सीझनआधी तपासून घेतो.