म्बिरा, होशो आणि मुरेवाकडची एक रात्र

झिम्बाब्वेला जाणारे बहुतेक जण व्हिक्टोरिया फॉल्स बघतात, सफारी करतात आणि परत येतात. आम्हीही फॉल्सला गेलोच, पण त्याबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे सो ते सोडते आणि थेट म्बिराकडे येते.

म्बिरा म्हणजे शोना लोकांचं वाद्य. लाकडाची फळी, त्यावर ओळीने बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, साधारण २२ ते २८, आणि वाजवायला फक्त दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी. अंगठे पट्टी खाली दाबतात, तर्जनी खालून वर उचलते. उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवायची, नाहीतर वाद्य हातात राहतच नाही. हरारेत आम्हाला शिकवायला जे आजोबा होते (सगळे त्यांना सेकुरू म्हणायचे, आम्हीपण तेच) ते म्हणाले, पूर्वी लोहार स्वतः लोखंड गाळून पट्ट्या करायचे, आता जाड तार नाहीतर जुन्या पलंगाच्या स्प्रिंगा ठोकून करतात. वाद्य जुनं आहे हे नक्की, कारण एका पोर्तुगीज पाद्र्याने १५८६ मध्येच ९ पट्ट्यांच्या ‘अंबिरा’चं वर्णन केलेलं आहे.

आधी आम्ही ती ऐकली हॉटेलात, डिनरच्या वेळी. आणि तिथल्या साउंडवाल्याने काय करावं? फळीवरच्या बाटल्यांच्या झाकणांवर टेप मारून ठेवली होती, कारण माईकमध्ये खरखर येते म्हणे! अहो ती खरखरच तर हवी असते. पूर्वी तिथे शिंपले लावायचे, आता झाकणं लावतात, आणि त्या झणझण आवाजाशिवाय पितर येत नाहीत अशी तिथली समजूत. मोठ्या पोकळ भोपळ्यात, म्हणजे देझेत म्बिरा बसवली की ती झणझण अजून वाढते आणि मग कान देऊन ऐकलं तर कोणी न वाजवलेल्या ओळीसुद्धा त्यात ऐकू यायला लागतात, माझा आधी विश्वास नव्हता पण येतात.

त्याचं कारण सेकुरूंनी वाजवूनच दाखवलं. म्बिरा एकट्याची नाही. एकजण कुशाउरा वाजवतो, म्हणजे सुरुवात करून देणारा भाग, दुसरा कुत्सिन्हिरा, जो पहिल्याच्या फटींमध्ये बसतो, बऱ्याचदा फक्त एका मात्रेने मागे. ४८ मात्रांचं चक्र, १२-१२ चे चार तुकडे, आणि ते फिरत राहतं. सम शोधायला गेलात तर वेडे व्हाल, मी शोधत होते, सेकुरू हसत होते. वर होशो, म्हणजे बिया भरलेले खुळखुळे, दोन हातात दोन. दिसायला सोपे, पण तासाभरात खांदे भरून येतात.

सेकुरूंच्या ओळखीतून मुरेवाकडच्या एका गावातल्या बिराला जायला मिळालं, अर्थात घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून. बिरा म्हणजे पितरांना बोलावण्याचा रात्रभराचा विधी. आम्ही सप्टेंबरात गेलो ते बरं झालं, नोव्हेंबरमध्ये बिरा करतच नाहीत, तो महिना वर्ज्य. ड्रायव्हर कट्टर चर्चवाला, त्याने आम्हाला कुंपणापाशी सोडलं आणि आत यायला साफ नकार दिला. मिशनऱ्यांनी या वाद्याला सैतानाचं ठरवलं होतं, ते अजून पुरतं गेलेलं नाही.

लाल कपडे नकोत, बूट आणि घड्याळ बाहेर, फोटो नाही. आत गोल झोपडीत माणसंच माणसं, मातीच्या मडक्यात बिअर, ती करायलाच सात दिवस लागतात आणि लागते नाचणी! हो, आपलीच नाचणी, तिकडे तिला रापोको म्हणतात. आंबट, दाट, मला आवडली.

आपल्या जागरण-गोंधळाची आठवण येत होती, पण तिथे निदान गोंधळी आणि ऐकणारे असे दोन गट असतात. इथे नुसतं बसून ऐकणारं कोणी नाहीच. कोणी होशो घेतो, कोणी खालच्या आवाजात हुंकारल्यासारखं गातो, कोणी एकदम वरच्या पट्टीत आवाज फिरवतो, म्हाताऱ्या उठून नाचतात, मला तर थेट टाळ्यांना बसवलं. त्यातही पुरुषांचे तळवे सपाट, बायकांचे ओंजळीसारखे पोकळ.

वाजवणाऱ्यांचं काम एकच, स्विकिरोच्या, म्हणजे ज्या व्यक्तीच्या अंगात पितर येतात तिच्या, अंगात येईपर्यंत थांबायचं नाही. कुठल्या पितराला कुठलं गाणं आवडायचं हे माहीत असावं लागतं, एक चाललं नाही तर दुसरं. तिथली स्विकिरो एक आजी होत्या, पहाटेकडे त्यांच्या अंगात आलं, आवाज पूर्ण बदलला, त्यांनी तपकीर मागितली, सगळे खाली बसले. मग घरच्यांनी गाऱ्हाणी मांडली. शेजारच्या मुलाने थोडंफार इंग्लिशमध्ये सांगितलं, दोन भावांमधला गुरांचा वाद होता. म्हणजे रात्रभर वाजवलं ते या बैठकीसाठी, ही एक प्रकारची कचेरीच.

यामुळेच बहुतेक गोऱ्या राजवटीला याची धास्ती होती. म्बुया नेहांदा ही अशीच स्विकिरो, उठावात भाग घेतला म्हणून १८९८ मध्ये तिला फाशी दिली. हरारेत भर चौकात २०२१ पासून तिचा पुतळा आहे, जरूर बघा. नंतरच्या स्वातंत्र्यलढ्यात गायक थॉमस मापफुमोने म्बिराच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या, १९७९ मध्ये सरकारने त्याला आरोप न ठेवताच डांबलं. आणि म्बिरा वाजवणारी स्टेला चिवेशे! बायकांना कोणी शिकवायचं नाही अशा १९६० च्या दशकात ती शिकली. २०२३ मध्ये गेली. मला तिचं वाजवणं मापफुमोपेक्षा जास्त आवडतं, भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या.

२०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही म्बिरा आली, झिम्बाब्वे आणि मलावी दोघांच्या नावाने.

विकत घ्यायची असेल तर एअरपोर्टवरच्या छोट्या शोभेच्या घेऊ नका. सरळ बनवणाऱ्याकडे जा, वाजवून घ्या, आणि घ्यायच्या तर एकाच माणसाकडून एकाच वेळी लावलेल्या दोन घ्या. प्रत्येकाचं ट्यूनिंग वेगळं असतं, एकाने केलेली दुसऱ्याच्या म्बिराशी जुळत नाही. मी दोन आणल्या, एक नवऱ्याच्या गळ्यात मारली आहे, तो अजून कुत्सिन्हिरात अडकलाय.