साडेबाराची किल्ली

सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटांनी प्रक्षेपण कक्षातून फोन आला, “ताई, कुलूप दिसतंय.” इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत पणजीत माझे काम असते ते परदेशी चित्रपटांच्या प्रती वेळेवर पडद्यापर्यंत पोचवण्याचे, त्यामुळे या तीन शब्दांचा अर्थ मला कोणी उलगडून सांगावा लागला नाही. खेळ नऊचा होता आणि बाहेर गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्या प्रतिनिधींची रांग जिन्याखाली वळली होती.

आता चित्रपट हार्डडिस्कवर येतो, त्याला डीसीपी म्हणतात. तो कुलूपबंद असेल तर सर्व्हरवर उतरवून घेतला तरी किल्लीशिवाय चालत नाही. ही किल्ली, म्हणजे केडीएम, ही ईमेलने येणारी एक छोटीशी फाइल असते. ज्या सर्व्हरसाठी बनवली त्याच सर्व्हरवर ती चालते, आणि तेही तिच्यात नोंदलेल्या मुदतीतच. या चित्रपटाच्या विक्रेत्यांनी मुदत इतकी आखडती ठेवली होती की आदल्या रात्री चाचणी घेणे शक्यच नव्हते. सुरुवात आठ वाजता, एवढे मी वाचले होते आणि यादीत त्यापुढे खूण केली होती. आता फाइल पुन्हा उघडली तेव्हा 08:00 च्या शेपटाशी +01:00 दिसले. म्हणजे आठ वाजता खरे, पण मध्य युरोपातले, आपल्याकडे साडेबारा. चूक किल्ली बनवणाऱ्या त्यांच्या प्रयोगशाळेची होती, पण ती पकडण्यासाठीच मला नेमलेले होते.

युरोपात तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. प्रयोगशाळेच्या रात्रपाळीतल्या माणसाने फोन उचलला, मात्र हक्कधारकाची लेखी संमती आल्याशिवाय नवी किल्ली देता येणार नाही, असे त्याने अतिशय नम्रपणे सांगितले. विक्रेत्यांचा फोन बंद होता. दिग्दर्शिका सुदैवाने प्रेक्षागृहाच्या दाराशीच उभी होती. तिने आपल्या निर्मात्याला झोपेतून उठवले आणि त्याने अंथरुणातूनच संमतीचे दोन ओळींचे पत्र पाठवले.

किल्लीची वाट पाहत उभी असताना मला 1952 च्या पहिल्या महोत्सवाची आठवण झाली. अर्थात ही आठवण वाचलेली. मुंबईत सुमारे 40 कथापट आणि 100 लघुपट दाखवले गेले, आणि नंतर तो महोत्सव मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. तेव्हा रिळांचे डबे जड असतील, वाटेत उशिराही पोचत असतील, पण डबा हाती आला की चित्रपट दाखवता येत असे. ‘बायसिकल थीव्हज’ हा इटालियन चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांनी त्याच महोत्सवात पाहिला आणि त्याच्या प्रभावातून 1953 मध्ये त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. एखाद्या महोत्सवाचा प्रभाव मोजायचा तर मला पाहुण्यांच्या यादीपेक्षा हा दाखला अधिक पटतो.

पुढे 1965 मध्ये महोत्सव स्पर्धात्मक झाला, 2004 मध्ये गोव्यात आला आणि 2007 पासून त्याच्या जोडीने फिल्म बाजारही भरू लागला, जिथे पटकथा आणि अर्धवट चित्रपट निर्माते व खरेदीदार यांच्यासमोर ठेवले जातात. ‘द लंचबॉक्स’ याच वाटेने पुढे गेला. महोत्सवातल्या एका खेळाला असा बाजारभाव आला की कुलपेही येतातच. चित्रपट देशोदेशी वेगवेगळा विकला जातो आणि एक चोरटी प्रत बाहेर पडली की पुढचे सौदे फिसकटतात, हे मला कळते. तरी आपल्याच चित्रपटाच्या दाराबाहेर ताटकळलेली ती दिग्दर्शिका पाहून माझी चिडचिड व्हायची ती झालीच.

नऊ वाजता मी माइक घेऊन प्रेक्षकांसमोर गेले आणि घडले ते जसेच्या तसे सांगितले, वेळेच्या फरकासकट. थोडा हशा झाला. मधल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ, फिल्म सोसायटीचे जुने सभासद असावेत, उठून म्हणाले, “बाई, आम्ही रीळ तुटल्यावर अर्धा अर्धा तास बसलेली माणसं आहोत. तुमचं चालू द्या.” साडेनऊच्या दुसऱ्या खेळाला ज्यांना गाठायचे होते ते दहा-बारा जण तेवढे गेले.

नऊ बावीसला किल्ली आली. ती पेनड्राइव्हवर घेऊन मी जिना चढले. ऑपरेटरने ती सर्व्हरला दिली आणि दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. कुलपाचे चिन्ह गेले. नऊ एकतीसला दिवे मंदावले. उशिराचा परिणाम त्या पडद्यावरच्या दिवसभराच्या वेळापत्रकावर झाला. पुढच्या खेळानंतरची प्रश्नोत्तरे मला रद्द करावी लागली आणि त्याबद्दल बोलणी खावी लागली ती वेगळीच.

खेळ सुटल्यावर तेच गृहस्थ दारात भेटले. उशिराबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत; याच दिग्दर्शिकेचा आधीचा चित्रपट कुठे पाहायला मिळेल, एवढेच त्यांनी विचारले. ती मागेच उभी होती, म्हणून मी बाजूला झाले.

मी जेवायला बसले होते तेव्हा प्रक्षेपण कक्षातून पुन्हा फोन आला. बरोबर साडेबारा वाजले होते. “ताई,” ऑपरेटर म्हणाला, “सकाळची किल्ली आता लागली.”