रात्री कोण येऊन गेलं

दुपारची जेवणं उरकली होती. आमसुलांना दुसरं पूट देऊन मी ती अंगणात चटईवर सारखी करत होते, एक डोळा कावळ्यांवर ठेवून. दुसरा डोळा गडग्याकडे गेला आणि तिथेच अडकला. कोपऱ्यातल्या सपाट चिऱ्यावर काहीतरी पडलं होतं. बोटभर लांब, काळपट, वर माशी नाही म्हणजे वाळलेलं. खराट्याचा एक हीर उपसून मी तिथे उकिडवी बसले आणि ते हळूच उसकलं. आत चिकूच्या बिया. काळ्याभोर, चकचकीत, जणू कोणी धुऊनपुसून ठेवलेल्या.

"काय गो, काय हरवलं?" गडग्यापलीकडून काकूंनी विचारलं.

"हरवलं नाही काकू, सापडलंय."

काकूंनी मान लांब करून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "शी! हागणाऱ्याला लाज नाही, बघणाऱ्याला तरी असावी की नाही?"

काकूंचा मोत्या त्यांच्या मागून आला. मोत्या मालकीने काकूंचा, मुक्कामाने आमच्या पायरीवरचा. पांढराशुभ्र, एका कानावर तेवढा तांबूस डाग, पानाची पिंक उडाल्यासारखा. त्याने चिऱ्याचा वास घेतला, एक शिंक दिली, आणि पाय वर करून पुराव्यावर आपलं मत नोंदवलं.

तर उदमांजर. ह्यांच्या चिकूंचा हिशेब तीन दिवस लागत नव्हता तो लागला. हे गड्यावर संशय घेऊन बसले होते.

लाज मला खरंच नाही, आणि ती आजोबांमुळे गेली. आमच्या लहानपणी गावात पेपर यायचा दुपारच्या एसटीने. तोवर आजोबांची सकाळ रिकामी. मग चहा झाला की काठी घेऊन ते आगरात फेरी मारत आणि रात्रीच्या बातम्या वाचत. पाटाच्या कडेला, विहिरीच्या काठावर, माडाच्या आळ्यात. मी परकर सावरत मागे. कुठे काही दिसलं की आजोबा थांबत, काठीच्या टोकाने फोडत आणि "हं" म्हणत. त्या "हं"चे प्रकार होते. आखूड "हं" म्हणजे मुंगूस, त्यात विशेष काही नाही, चार केस आणि किड्यांचे पंख. लांब "हंऽ" म्हणजे साळिंदर आलंय. त्याच्या लेंड्या खजुराच्या बीसारख्या, फोडल्या तर आत नुसता काथ्या. त्या दिवशी नव्या माडाच्या रोपांभोवती पत्रे उभे राहत, कारण साळिंदराला कोवळ्या माडाचा कोंब म्हणजे पुरणपोळी.

आणि हा कोपऱ्यातला चिरा. आगरात इतकी जागा पडलेली असताना उदमांजराला बसायला चिरा लागायचा, तोही सपाट आणि जरा उंचावरचा. "राजेश्री सिंहासनावर बसून गेले," असं आजोबा म्हणत. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मध्ये वीस वर्षं घर बंद होतं. आम्ही निवृत्तीनंतर परत आलो, कौलं बदलली, संडास घरात घेतला, आणि उदमांजर अजून त्याच चिऱ्यावर. ह्या वंशात घराणं पाळतात.

ह्या विषयात आपली भाषा श्रीमंत आहे, पण तिला आवडनिवड फार. गाईम्हशीचं शेण, त्याचा पो पडतो, त्याची गोवरी होते, त्याने अंगण सारवतात, आणि चूक केली तर माणूस ते खातोही. घोड्याची ती लीद. शेळीच्या, उंदराच्या, सशाच्या लेंड्या. पाखरांची शीट. जी जनावरं दावणीला किंवा वळचणीला, त्यांना घरगुती शब्द. रानातली मोठी जनावरं आली की भाषा गोंधळते. विष्ठा म्हटलं की शाळेचं पुस्तक आठवतं. वनखात्यातली पोरं सरळ 'स्कॅट' म्हणतात. आमची सूनबाई 'पॉटी' म्हणते, वाघाचीसुद्धा. आजोबा म्हणत, "वाघाने घाण केलीय," जसं काही वाघाने सांगून ऐकायला हवं होतं.

"कोल्हा काकडीला राजी" ही म्हण आपण कोणाला तरी हिणवायला वापरतो. ती रचणाऱ्या माणसाला मात्र मी मनातल्या मनात नमस्कार करते. कोल्हा काही दिवसाढवळ्या मांडी घालून काकडी खात नाही. त्या माणसाने सकाळी मळ्याच्या बांधावर वाकून पाहिलं असणार, काडीने उसकलं असणार, आत काकडीच्या बिया सापडल्या असणार. आमच्या बाजूला खाडीकाठच्या कोल्ह्याच्या घाणीत खेकड्याची तांबूस कवचंही निघतात. पण कोल्हा खेकड्याला राजी म्हणून म्हण होत नाही. तिथे हिणवायला काही उरत नाही.

आजोबांच्या हाताखाली शिकूनही माझी एकदा फजिती झाली. सातआठ वर्षांची असेन. घाटावर मामाकडे गेले होते सुट्टीत. माळावर खेळताना मला पांढरे, ठिसूळ तुकडे सापडले. खडूच तो. मी त्याने कातळावर ठिकरीची घरं आखली, छान ठसठशीत उमटली. सहा घरं झाल्यावर मामा आला, त्याने माझ्या हातातला तुकडा पाहिला आणि खालीच बसला हसायला. ते तरसाचं होतं. तरस हाडं चावून खातो, हाडांतला चुना तसाच बाहेर पडतो आणि उन्हात वाळला की पांढराफेक होतो. मामीने मला बंबाच्या राखेने तीनदा हात धुवायला लावले. ठिकरी मात्र आम्ही त्याच घरांत खेळलो. एवढी सुबक आखणी पुसायची कशी?

परत आल्यावर हे आजोबांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "वास घेऊन बघितलास का आधी? मग?"

आता माझी स्वतःची एक खोड सांगते. मला सापडलेलं दाखवायला कोणीतरी लागतं. ह्यांना दाखवावं तर हे चहाचा कप बाजूला ठेवतात आणि खोल आवाजात म्हणतात, "चहा पिताना नको." मुलगा पुण्याला. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, तर नणंदेने ग्रुपचं नाव बदलून 'शेणवार्ता' ठेवलं. शिवाय त्या ग्रुपवर कसलाही फोटो टाका, दोन मिनिटांत कोणीतरी लिहितं, "बिबट्या!!" पालीच्या लेंडीलासुद्धा एकदा बिबट्या ठरवलंय. पालीच्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, ते पालीचं मूत्र, पाल दोन्ही कामं एकदम उरकते. हे साधं पाठ करायला काय हरकत आहे?

म्हणून मी नमुने जपून ठेवायला लागले. उन्हात खडखडीत वाळवून, श्रीखंडाच्या डब्यात, पडवीतल्या फळीवर. आणि मग दिवाळीत सूनबाई आली. तिला आमटीत घालायला चिंच हवी होती. श्रीखंडाच्या डब्यात काळपट, चिवट, मध्ये बिया असलेला गोळा. तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? सुदैवाने तिने तो वाटीत भिजत घालून मला विचारलं, "आई, ही चिंच कोळ का सोडत नाहीये?" मी वाटी उचलली आणि परसात नेऊन ओतली. पुढे काय सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "जुनी झाली गं." ह्यांनी आमटी खाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

मुलाला खरं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, अगं लोक ह्याचे पैसे मोजतात." इंडोनेशियात उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या कॉफीच्या बिया धुऊन, भाजून जगभर महागात विकतात, कोपी लुवाक म्हणतात तिला. आपल्याकडे कुर्गातही करतात. पण मागणी वाढली तशी ही जनावरं पिंजऱ्यात कोंडून त्यांना कॉफीची फळं चारायला लागले लोक. आमचे राजेश्री पिंजऱ्यात बसले असते तर सिंहासनाचं काय झालं असतं कोण जाणे. चिकूच्या बियांना तूर्त भाव नाही, हे बरंच आहे.

थट्टा सोडा, पण ह्या उसकण्यातून केवढं काही कळतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या आसपास रान असं नाही, ऊस आणि वस्त्या. तिथे बिबटे राहतात कसे, खातात काय, हे शोधायला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले. धुवायचं, चाळायचं, आतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. प्रत्येक जनावराच्या केसाची नक्षी वेगळी. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव जनावरं, आणि त्यातही सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. बिबट्या शेळ्यांवर जगतो असं गाव म्हणायचं, कारण शेळी गेली की बोंब होते. भटकं कुत्रं गेलं तर रात्रीची झोप सुधारते, एवढंच.

त्याहून मोठी गंमत चंद्रपूरकडची. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनोसोरची विष्ठा दगड होऊन पडलेली सापडते. शास्त्रज्ञांनी ती फोडून बघितली तर आत गवताचे सूक्ष्म अंश. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर समज असा की डायनोसोर संपले आणि मग कधीतरी गवत आलं, त्यामुळे चित्रांत डायनोसोरच्या पायाखाली हिरवळ काढणं चूक. एका दगडी पोने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची हिरवळ परत अंथरली. आजोबा असते तर त्यांनी कोणता "हं" केला असता ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. बहुतेक लांबच.

हे सगळं चिऱ्यासमोर बसून डोक्यात फिरलं आणि तेवढ्यात कावळ्यांनी चार आमसुलं नेली. मोत्याने भुंकून आपलं कर्तव्य केलं, पण कावळे उडाल्यावर.

आमसुलं पुढच्या आठवड्यात बरणीत गेली. मिरग जवळ आला, लाकडं पडवीत घेतली. एका रात्री वरच्या अंगाला कुत्री फार भुंकली आणि मग एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मोत्या पायरीवर नव्हता. कुत्र्यांचा काळ असतो, जातात चार दिवस, येतात कान फाडून. काकू संध्याकाळी भाकरी घेऊन गडग्याशी उभ्या राहत आणि हाक मारत, "मोत्याऽऽ, यूऽ यूऽ." तीन संध्याकाळी हाक ऐकली.

चौथ्या दिवशी सकाळी पाखाडी चढून देवळात निघाले होते. वरच्या वळणावर, पायरीच्या मधोमध. अंगठ्यापेक्षा जाड, गाठीगाठीचं, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं. ग्रुपवरच्या सगळ्यांना जन्मात पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं असतं. मी कडेची वाळकी काडी उचलली आणि सवयीने उसकलं. आत बी एकही नव्हतं. केस होते, पुष्कळ, एकमेकांत वळलेले. पांढरे. अगदी मध्ये थोडे तांबूस.

खाली पायऱ्यांवर काकूंच्या काठीचा आवाज आला. गुडघ्यांमुळे त्या दर चार पायऱ्यांना थांबतात. मला बसलेली पाहून थांबल्या.

"सापडलं वाटतं काही?"

"हो काकू. उदमांजराची."

"इथे वाटेत?" त्यांनी श्वास घेतला. "मोत्या असता तर येऊ दिलं नसतं त्याने."

मी पायाने आंब्याची चार वाळकी पानं त्यावर ओढली. काकू दोन पायऱ्या चढल्या, परत थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला असलं कधी विचारलं नव्हतं.

"बिया कसल्या निघाल्या गो?"

"चिकूच्या," मी म्हटलं.